कडेचे तुकडे

प्रिय ताई,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, राग धरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतो, तरी जिने चढायचं काही ती सोडत नाही. आमच्या धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत आणि ती फटीतून शिट्टी वाजवत घरभर फिरते. मीच तेवढा दमलोय. झोपून उठलो तरी अंग शिणलेलंच असतं.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्याकडे हवा गाळायचा कागद गुंडाळ्यांनी येतो, काचेच्या तंतूंचा, पांढरा, हाताला खाज आणणारा. त्याचा तुकडा मी यंत्रात आवळतो, एका बाजूने तेलाचं अगदी बारीक धुकं सोडतो आणि पलीकडे किती कण निसटले ते मोजतो. मोठे कण अडकतात. फार बारीक असतात ते भिरभिरत जाऊन तंतूंना चिकटतात. मधलेच लबाड. त्यांच्यातले दहा हजारांत तीन सुटले तर चालतात.

दोन महिन्यांपूर्वी एका गुंडाळीत अकरा सुटले. यंत्र पुसलं, रबर बदललं, पुन्हा अकरा. साहेबांकडे गेलो. माणूस वाईट नाही. आई आजारी असताना त्यांनीच मला न मागता रजा दिली होती. माल आधीच रखडला होता. आकडे बघून ते हळूच म्हणाले, "कडेचे तुकडे कशाला घेतोस? मधले घे."

मधले घेतले. दोनच सुटले, पण फिल्टरमध्ये कडेचा कागदही जातोच. गुंडाळी पास म्हणून मी सही केली. कुणी हात धरून करवली नव्हती, ताई. दिवसभर उभा होतो, वाद घालायचं त्राण नव्हतं, एवढंच.

काल रवानगीचे कागद लावताना त्या गुंडाळीच्या कागदाचे फिल्टर कुठे गेले ते दिसलं. तुझ्या इस्पितळात, तुझी ड्यूटी असते त्याच वॉर्डात, जिथे साधी सर्दीही न झेपणारी मुलं ठेवतात. आज सकाळी साहेबांना सांगितलं, लेखी दिलं. ते म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर मी थांबणार नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवायला सहीचा कागद हवा, म्हणून हे दाजींच्या हाती पाठवतोय. फिल्टरच्या चौकटीवर गुंडाळीचा नंबर असतो. चारशे बारा असेल तर आजच्या आज उतरवायला लाव. आणि माझं नाव झाकू नकोस.

तुझाच,
ढब्बू