जंतूंचं देवक

११ एप्रिल २०१६

बजाजनगरच्या मागच्या गल्लीत काल डब्या वाटल्या होत्या, आज शौचाचे नमुने गोळा केले. तीन आठवडे झाले, मुलांचे जुलाब थांबत नाहीत. दगडाबाईंच्या डबीत शेंगदाण्याची चटणी! "झाकण लई घट्ट हाय, म्हणून ठिवली." नवी डबी दिली.

आवडाबाईंच्या दारात रांजण आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी. माझ्यापुढेही पेला धरला. मी बाटली दाखवली — घरचं आणलंय. त्यांनी पेला मागे घेतला. वाईट वाटलं, पण पोटाशी खेळ नको.

१३ एप्रिल

नमुन्यांत जुलाबाचा जंतू निघाला, जिआर्डिया. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच — दोन डोळे, टकमक बघणारे. जनुकं वाचली की प्रकार वेगळे निघतात. आवडाबाईंना सांगितलं, यांचीही गोत्रं असतात. त्या म्हणाल्या, "आमच्यात देवक बघत्यात. देवक एक निघालं की भावकी."

प्रयोगशाळेत सांगितलं तर सगळे हसले. आता आमच्या वहीत प्रकाराच्या रकान्यावर 'देवक' असंच लिहिलंय.

१८ एप्रिल

गल्लीचं ठरलंय — जुलाब रांजणामुळेच. दगडाबाई म्हणतात, "कुणाकुणाचे हात बुडत्यात त्यात."

आवडाबाईंनी गुपचूप स्वतःची डबी आणून दिली. "माझं बी बघा, ताई. मला काय बी होत नाय. पण लेकरं माझ्यापायी आजारी आसली तर मला कळाया पायजे."

तेवढ्यात बन्सीचा टँकर आला आणि सगळ्या हंडे घेऊन पळाल्या. बन्सी मला ओळखतो. दुपारी औरंगपुऱ्यात आमच्या इमारतीची टाकी तोच भरतो, त्याच विहिरीवरून.

२२ एप्रिल

प्रयोगशाळेतले सर म्हणाले, तुलनेला निरोगी माणसाचा नमुना हवा. म्हटलं, माझाच घ्या. डबीवर 'निरोगी' लिहून फ्रीजरमध्ये टाकली. तपासू सावकाश. माझ्यात काय निघणार!

२ मे

अकरा मुलांचे नमुने, अकरांतही जिआर्डियाचा एकच प्रकार. एवढ्या गल्लीत दोन-तीन तरी निघायला हवे होते.

आवडाबाईंचाही तोच.

३ मे

चुकले. मोठी चूक केली.

गल्लीत निकाल विचारला आणि मी बोलून गेले — सगळ्यांचं देवक एकच, आवडाबाईंचंही. दगडाबाईंनी तेवढंच उचललं. दुपारपर्यंत कुणी त्यांच्या दारातून जाईना. भांडण वगैरे नाही. आवडाबाईंनी स्वतःच रांजण ओतला आणि पालथा घातला. "तुमच्या मशिनीनं सांगितलं म्हंजी खरंच आसंल."

मला तिथे तोंड वर करता येईना. स्कूटी काढली आणि निघून आले.

४ मे

सर रागावले. "एकच प्रकार म्हणजे उगम एक, एवढंच कळलं. तो रांजणच आहे हे कुणी सांगितलं तुला? पद्मजा, तुलनेचा नमुना अजून फ्रीजरमध्येच?"

काढला.

५ मे

औषधाने मुलं सुधारताहेत. आवडाबाईंचं दार बंद होतं.

६ मे

'निरोगी'चा निकाल आला. जिआर्डिया. तोच प्रकार, जनुकांचं अक्षर न् अक्षर तेच.

त्या रांजणातलं मी घोटभरही प्यायले नव्हते. प्यायले ते घरचं — बन्सीच्या टँकरचं. विहिरीचा नमुना सर उद्याच घेणार आहेत.

मी आधी गल्लीत जाणार. सगळ्यांसमोर रांजण सुलटा करणार आणि आवडाबाईंना सांगणार — मी तुमची भावकी.