दोरीवरची अक्षरं

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटून बसावं लागतं. तुमचं अक्षर मात्र आठवावं लागत नाही. ते माझ्या हातातच आहे. दूधवाल्यासाठी दाराला चिठ्ठी लावते तेव्हाही तेच उतरतं, आणि तो दूधवाला मला विचारतो, "ताई, हे छापून आणलंय का?" मी हसते. लोकांना वाटतं, मला कौतुक आवडतं.

मी सहावीत होते. शाळेनं त्या वर्षी हस्ताक्षर सुधार वर्ग काढला आणि तो तुमच्याकडे दिला. शनिवार पेठेतल्या आपल्या शाळेत, चित्रकलेच्या अंधाऱ्या खोलीत, प्रार्थनेच्या आधी आम्ही सतरंजीवर मांडी घालून बसायचो आणि दुरेघी वहीत गिरवायचो. मी विश्रांतवाडीहून बसनं यायचे, म्हणून बहुतेकदा शेवटच्या रांगेत. पहिल्याच दिवशी तुम्ही माझी वही उचललीत, हातभर लांब धरलीत आणि म्हणालात, "हे काय? कपडे वाळत घातलेत का?" वर्ग हसला. तुम्ही आणखी म्हणालात, "दोरी दिसतेय. चिमटे कुठायत?"

तुम्हाला माहीत नव्हतं, बाई, की आमच्या घरी तेच म्हणायचे. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मला लिहायला शिकवलं ते चुलीपाशी, आई भाकरी थापत असताना, पाटीवर. "आधी दोरी बांध, मग कापडं घाल," असं ते म्हणायचे. पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ, हात न उचलता, आणि मग तिच्याखाली अक्षरं एकेक करून अडकवायची. गावच्या शाळेत ज्या मास्तरांकडे ते शिकले त्यांचा हात मोडीवर बसलेला होता, आणि मोडीत रेघ आधी, अक्षरं नंतर. शब्द एकमेकांना चिकटायचे, रेघेला मधे थोडा झोळ पडायचा, ओल्या कपड्यांनी दोरीला पडतो तसा. आप्पा बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होते. तिथल्या शेकडो छोट्या खणांवरच्या पट्ट्या त्यांनीच लिहिलेल्या. मालक म्हणे गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्याकडे खण उघडावा लागत नाही, वाचला की पुरे." हे आप्पा घरी येऊन पुन्हापुन्हा सांगायचे.

तुमची पद्धत वेगळी होती. आधी अक्षरं पूर्ण करायची, शब्द संपला की त्याच्यापुरतीच शिरोरेषा ओढायची, मग हात उचलायचा. "प्रत्येक शब्दाला स्वतःचं छप्पर," तुम्ही म्हणायचात. मला अजून दिसतं, तुम्ही माझ्या मागे गुडघे टेकून बसता, माझी मूठ तुमच्या मुठीत घेता, आणि आपण दोघी मिळून 'कमळ' लिहितो. तुमच्या मनगटातल्या दोन बांगड्या वहीवर घासतात. मग एक दिवस तुम्ही मला बोरू दिलात, तुमच्या चाकूनं तासलेला, टोकाला तिरका काप दिलेला. इतर कुणाला नाही, मला. मी तो बसमध्ये मुठीत धरून घरी नेला, दप्तरातसुद्धा ठेवला नाही. तुम्ही कधी कुणावर हात उगारला नाहीत. उगारला असतात तर माझं काम सोपं झालं असतं. मग तुम्हाला नुसतं नावं ठेवून मोकळी झाले असते.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही पालकांना बोलावलंत. आप्पा अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुलांच्या वह्या बाकांवर मांडलेल्या. तुमचं भाषण झालं आणि मग तुम्हाला सुचलं, "आता पालकांनीही फळ्यावर एकेक ओळ लिहावी. मुलांनाही जरा गंमत." कुणी पुढे येईना. आप्पाच उठले. मला आठवतं, उठताना त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, दुकानातल्या त्या पट्ट्यांच्या जोरावर. त्यांनी खडू फळ्याच्या डाव्या कडेला टेकवला आणि सरळ उजव्या कडेपर्यंत ओढत नेला.

"अहो, थांबा, थांबा," तुम्ही म्हणालात. "शेताला बांध घालताय का?"

सगळे हसले. आप्पाही हसले. हसतच त्यांनी त्या रेघेखाली लिहिलं, 'माझी मुलगी छान लिहिते.' तुम्ही लाल खडू घेतलात आणि शब्दाशब्दांच्या मधे उभ्या रेघा मारून त्यांची दोरी तोडलीत. मुलांकडे वळून म्हणालात, "बघा, आधी हे असं होतं. आता तिचं बघा." आणि मला बोलावून तीच ओळ खाली लिहायला सांगितलीत. मी लिहिली. प्रत्येक शब्दाला छप्पर. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत आप्पांच्याही होत्या, सगळ्यांत शेवटी थांबलेल्या.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीतून बाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "बाई म्हणत्यात ते बराबर हाय. आपलं गावठी." मला तेव्हा ते खरंच वाटलं होतं.

त्यानंतर आप्पांनी माझ्यासमोर कधी पेन हातात धरलं नाही. गावी मनीऑर्डर पाठवायची, लोणच्याच्या बरणीवर साल लिहायचं, रेशनच्या कार्यालयात अर्ज द्यायचा, सगळं माझ्यापुढे. "तूच लिव, पोरी. तुझं बाईंनी घडवलेलं हाय." पुढे तर दुकानातल्या पट्ट्याही घरी आणायला लागले. मी त्या तुमच्या बोरूनं लिहायचे आणि ते शेजारी बसून बघत राहायचे, सुकल्या की एकावर एक रचायचे. मला तो मान वाटायचा. त्या वयात मानात आणि माघारीत फरक कळत नाही.

आप्पा गेल्यावर मी त्यांचं अक्षर शोधलं. आईची ट्रंक उपसली, कपाटातले कागद काढले. घरात कागदांना तोटा नव्हता, पण प्रत्येकावर माझं अक्षर होतं, म्हणजे तुमचं. बुधवार पेठेत गेले, तर त्या जागी मोबाईलची कव्हरं लटकवलेली होती. कुठले खण आणि कुठल्या पट्ट्या. सापडली ती फक्त एक सही, बँकेच्या कागदावरची, शेवटच्या आजारातली. ती मी खिडकीशी नेऊन पाहिली. हात थरथरलेला कळत होता. पण अक्षरं सुटी होती, बाई. आधी अक्षरं, मग प्रत्येक शब्दावर वेगळी, कापरी, छोटी रेघ. त्या माणसानं तुमचं ऐकलं होतं. कुणी बघत नसताना, कधीतरी, एकट्यानं बसून त्यांनी सराव केला असणार. तुमच्या वर्गातले सगळ्यांत आज्ञाधारक विद्यार्थी तेच निघाले.

परवा शाळेतून फोन आला. हस्ताक्षराचा वर्ग पुन्हा सुरू करताहेत. मुलांचं अक्षर अगदी गेलंय म्हणे, मोबाईलमुळे. पलीकडच्या तरुण शिक्षिका म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच याल का? बाईंचं वळण आता फक्त तुमच्याकडेच आहे." मी म्हटलं, वेळ नाही. त्या म्हणाल्या, "अहो, आठवड्याला एकच तास." मी म्हटलं, तेवढाही नाही. फोन ठेवला आणि टेबलावर एक कोरा कागद घेऊन कडेपासून कडेपर्यंत रेघ ओढली. चांगली आली, मधे जरासा झोळही पडला. मग तिच्याखाली 'माझी मुलगी' लिहायला गेले. 'माझी' झालं आणि त्याच्यापुरती वेगळी रेघ ओढून हात उचलला गेला. पुन्हा केलं, पुन्हा उचलला गेला. तुम्ही फार पक्कं शिकवलंत.

हे तुम्हाला सांगून आता काय होणार आहे, मला माहीत नाही. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. पण एक सांगून टाकते. हे पत्र मी दोनदा लिहिलं. पहिल्या वेळी, फळ्याचा तो प्रसंग लिहिताना, शिरोरेषा वर चढत गेल्या होत्या आणि शब्द आप्पांच्यासारखे एकमेकांना चिकटले होते. तुम्हाला तसं दाखवायची मला लाज वाटली. मी ते फाडलं, आणि नव्या कागदावर नीट उतरवून काढलं.