डोक्यावरचा ऑक्टोपस आणि तुझा शिक्का

शिगेनोताईस,

शेजारच्या मात्सुएचा वाकून नमस्कार. (वाकले आहे असं समज. प्रत्यक्षात पाय पसरून बसले आहे आणि पंखा माझ्याकडे वळवून घेतला आहे.) यंदा उकाडा असा की सकाळी सकाळी समुद्रच घामेजलेला दिसतो. तुझे गुडघे कसे आहेत, नागोयाचं पाणी मानवलं का, सातव्या मजल्यावरून खाली बघताना अजून पोटात गोळा येतो का, हे सगळं पत्राच्या सुरुवातीला विचारायचं असतं म्हणून विचारते. उत्तराची घाई नाही, कारण तुझ्या मासातोशीनं फोनवर सगळं सांगितलंय. तीन महिने तू कुणाशी धड बोलली नाहीस, दोन घास खाऊन ताट सरकवतेस आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतेस म्हणाला. मी विचारलं, भिंतीवर आहे काय? म्हणाला, काही नाही हो काकू, पांढरी आहे. मग आणखी एक गोष्ट म्हणाला, की आई आता परत जाईल असं वाटत नाही, तेव्हा पितरांच्या सणाची सुट्टी संपली की गावचं घर पाडून जागा मोकळी करून टाकतो, कागद पाठवलाय. पोरगा वाईट नाही. आवाज ओला होता त्याचा. कागदाचं मी शेवटी सांगते. आधी तुझ्या भिंतीचं बघू.

‘ताई’ वाचून हुरळू नकोस. तू माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठी, तेव्हा कागदावर तरी मान द्यावा असं झेनकाई गुरुजींचं म्हणणं पडलं. हो, हे पत्र विहारातले गुरुजी लिहितायत. तू चौथीपर्यंत शाळेत गेलीस हे तू मला सत्तर वर्षं ऐकवलंस. तू पाढे म्हणत होतीस तेव्हा मी शिंपले काढायला समुद्राच्या तळाशी उलटी लटकले होते, आणि तिथे फळा नव्हता. गुरुजी दर महिन्याच्या नऊ तारखेला आमच्या घरधन्याच्या, तोराकिचीच्या नावानं मंत्र म्हणायला येतात, म्हणून नऊ तारीख ही माझी पत्राची तारीख. अक्षर थडग्यांच्या दगडावर शोभेल असं आहे, तेव्हा नीट बसून वाच. (लेखनिकाची नोंद: मंत्र पूर्ण म्हटले आहेत. गैरसमज नसावा. – झेनकाई)

पूर्ण म्हटलेत, पण त्यालाही कथा आहे. हिवाळ्यातली गोष्ट. देवघर आणि टीव्ही एकाच खोलीत, कारण खोली एकच. मी टीव्हीचा आवाज बंद केला होता, चित्र तेवढं चालू होतं. गुरुजी पाठमोरे बसून मंत्र म्हणत होते. मध्येच, मंत्राला ताल धरायच्या त्या पोकळ लाकडी माशावरचे ठोके मंदावले. बघते तर देवघराच्या काळ्या चकचकीत दारात टीव्हीचं प्रतिबिंब पडलेलं आणि गुरुजी त्यात बघतायत. तोराकिचीच्या आत्म्याच्या शांतीचं कडवं त्यांनी तीनदा म्हटलं. मी म्हटलं, गुरुजी, एवढी शांती त्याला झेपायची नाही, वळा आणि सरळ बघा. तेव्हापासून ते मंत्रांच्या पोथ्यांबरोबर त्याच फडक्यात गुंडाळून अ‍ॅनिमेच्या, त्या हलत्या चित्रांच्या मालिकांच्या, तबकड्या आणतात. हसू नकोस. म्हणजे हस, पत्र त्यासाठीच आहे.

तर पहिली मालिका लावायची ती फ्रिजमधल्या राजकन्येची. दक्षिण ध्रुवाची वारस नुनुका लग्न नको म्हणून पळून येते आणि एका वसतिगृहाच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, संसार थाटते. डोळे सूपच्या वाडग्याएवढे, हातात झालरीचे मोजे, आणि तिचा प्रधान म्हणजे एक जुना मुळा. कुणी तिच्या पुडिंगला हात लावला की ती दार उघडून युद्ध पुकारते, आणि युद्ध झाल्यावर थंडी वाजते म्हणून शत्रूच्याच पांघरुणात शिरते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, हा काय मूर्खपणा. दुसऱ्या भागापासून मुळा किसायला माझा हात धजेना. गेले चार महिने एक मुळा माझ्या फ्रिजमध्ये आहे. तो आता बऱ्यापैकी प्रधानासारखा दिसतो.

ती पचली की गुप्तहेर मुलीची लाव. ती रिरिहा शाळेच्या गणवेशात गुन्हेगार शोधते, पण तिला खोटं बोललं की शिंक येते, आणि शिंक अशी की कौलं उडतात. आता गुप्तहेराला खोटं बोलल्याशिवाय भागतं का? वेषांतर करून जाते, ‘मी नळ दुरुस्त करायला आलेय’ म्हणते, आणि छप्पर गायब. शेवटी चोरच तिला रुमाल देतात आणि कबुली देतात. हिच्या तिसऱ्या भागात गुरुजी हसता हसता कलंडले. तासभर गुडघ्यांवर बसून पाय मेलेले, तोल सावरेना, ते थेट देवघरावर. नैवेद्याच्या भाताची वाटी डोक्यावर उपडी झाली. तोराकिचीचा फोटो खाली पडला तो तोंड टीव्हीकडे करून. मी तो तसाच ठेवलाय. जिवंतपणी कधी माझ्या बाजूला बसून काही बघितलं नाही त्यानं, आता बघतो.

पण खरी बघायची ती तिसरी, आणि ती बघितल्याशिवाय तू या भिंतीवरून त्या भिंतीकडेसुद्धा वळू नकोस. तिच्यातली मिओरी ही पाणबुड्या बायकांच्या घराण्यातली मुलगी, पण पाण्याला भिते. अंघोळीच्या टबातसुद्धा दोरी बांधून उतरते. तिच्या डोक्यावर एक ऑक्टोपस बसतो, त्याचं नाव हेडमास्तर, आणि तो प्रत्येक वेळी ठामपणे चुकीचा सल्ला देतो. आठवतं, दोन वर्षांपूर्वी ते तिघे कॅमेरेवाले आले होते? बुड्या मारून आल्यावर आपण शेकतो त्या झोपडीत बसून भाजलेले शिंपले तीन दिवस फुकट खात होते आणि तू सूप वाढायचा डाव घेऊन त्यांना धक्क्यापर्यंत पळवलंस? ती माणसं हीच मालिका काढणारी. त्यांनी सूड कसा घेतला बघ. मिओरी राहते ते घर म्हणजे तुझं घर. तिरकं दार तुझं, निळी बादली तुझी, दोरीवरचा ठिगळाचा परकर तुझा, ठिगळं मोजून बघितली मी, सातच्या सात. आणि पाचव्या भागात डाव घेऊन एक म्हातारी येते. एकही शब्द न बोलता सगळ्या गावाला पळवते, शेवटी भुताला पळवते. गुरुजी म्हणाले, ही कोण? मी म्हटलं, ही माझी शेजारीण, पण भूत परवडलं.

आता ऐक काय झालंय ते. लोक येतायत. लांबून लांबून, आगगाडीनं. तुझ्या बंद दारासमोर उभे राहतात आणि बादलीला वाकून नमस्कार करतात. एक जण तर परकराची दोरी बघून रडला. जाताना बादलीसमोर कॉफीचे डबे ठेवतात. ते उन्हात खराब होऊ नयेत म्हणून मी पिते, आणि हल्ली पहाटे तीनला जागी होते. सगळे विचारतात, डाववाल्या आजी कुठे असतात? मी खरं सांगते, नागोयाला भिंत बघत असतात. एका मुलीनं ते वहीत लिहून घेतलं आणि मैत्रिणीला म्हणाली, “म्हणजे पुढच्या भागांत भिंतीतून काहीतरी येणार.” मी म्हटलं, येऊ दे बाई, काहीतरी येऊ दे.

मध्यंतरी माझी फजिती झाली ती तुला कुणीतरी सांगेलच, म्हणून आधी मीच सांगते. सणाच्या नाचात यंदा मिओरीच्या वेषात नाचायचं ठरलंय, डोक्यावर ऑक्टोपससकट. कापडी ऑक्टोपस शिवून यायचे होते, तोपर्यंत तोल सांभाळायचा सराव नको का? मी एक जिवंत घेतला. आयुष्यात मी इतके ऑक्टोपस पकडले, पण ऑक्टोपसनं मला पकडल्याची ही पहिलीच वेळ. गिरकी घेतली तशी त्यानं कानांना मिठी मारली. ओढला तर कान येतील, तो येईना. मग अक्कल लढवली की याला मडकं आवडतं, पकडायला आपण मडकीच तर सोडतो, तेव्हा मडकं डोक्याजवळ नेलं की जाईल आत. गेला. माझ्या डोक्यासकट गेला. मडकं घातलेली मी भिंती चाचपत विहाराकडे निघाले, तर वाटेत बादलीचे भक्त. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. माझ्या मागे रांग लावून, टाळ्या वाजवत, विहाराच्या पायऱ्यांपर्यंत आले. गुरुजींनी लाकडी माशाच्या दांडक्यानं मडकं फोडलं. (लेखनिकाची नोंद: तीन ठोके. तिसऱ्याला मंत्र म्हटला.) ऑक्टोपस सुखरूप. मी त्याला समुद्रात सोडून आले. एकाच मडक्यात राहिलेल्याला खाववत नाही.

बाकी गाव ठीक. झोपडीत आता शेकोटीला मी एकटीच असते. एकटीनं शेकोटी पेटवली की धूर नेमका माझ्याकडेच येतो, पूर्वी अर्धा तुझ्याकडे जायचा. आणि एक अडचण आहे. सणाला पितर घरी येतात तेव्हा दारात जाळ करायचा, त्यांना घर सापडावं म्हणून. गेल्या वर्षी तू दवाखान्यात होतीस, तुझं दार अंधारात. मी दोन घरांच्या मधोमध एकच जाळ केला. झालं काय, तुझा योसाबुरो आणि माझा तोराकिची दोघेही माझ्याकडे आले. या दोघांचं जाळ्याच्या दोरीवरून चाळीस वर्षं बोलणं नव्हतं. चार दिवस घरात काय ताण होता म्हणून सांगू. आपोआप कपाटं वाजत होती. यंदा घरच पाडलं तर योसाबुरो कायमचा माझ्याकडे राहायला येईल. मला तो नको. चांगला माणूस होता, पण घोरायचा, तुझ्या भिंतीतून मला ऐकू यायचं. तेव्हा ते तू बघ.

असो. जेव. निदान पुडिंग तरी खा. मासातोशीला माझा राग नाही म्हणून सांग, आणि तिन्ही तबकड्या सोबत पाठवतेय, त्या त्यानंही बघाव्यात. उकाड्यात स्वतःला जप, म्हणजे मला जपायला नको.

तुझी अकरा महिन्यांनी धाकटी,
मात्सुए

ता. क. कागदाचं राहिलं. तू जाताना तुझा सहीऐवजी मारायचा नावाचा शिक्का माझ्याकडे ठेवलास, गल्लीत घरोघर फिरणारी सूचनांची पाटी आली की तुझ्या घराच्या नावानं ‘बघितलं’ म्हणून मारायला. मासातोशीला हे ठाऊक. म्हणून घर पाडायच्या संमतीचा कागद त्यानं माझ्याकडेच पाठवला, काकू, पेन्सिलनं खूण केलीय तिथे आईचा शिक्का मारून परत पाठवा म्हणून. त्याच दिवशी पाटी आली, तीत नाचात कोण कोण भाग घेणार याचा कागद. मी पडले अडाणी. दोन्ही कागद पांढरे, दोन्हींवर मुंग्या. तुझा शिक्का मी मारला तो नाचाच्या कागदावर, दोन ठिकाणी, नीट दाबून. आणि मासातोशीचा कागद चुकून पाटीला लागून गल्लीत गेला. आपली गल्ली कशी आहे तुला माहीत आहे, पाटीवरचं वाचून कुणी शिक्का मारलाय? फिरून परत आला तेव्हा त्यावर अकरा घरांचे शिक्के होते, मासळीबाजाराच्या सचिवाचासुद्धा. तुझा सोडून सगळ्यांचा. आता तो कागद कुठल्याच कचेरीत चालायचा नाही. मला फार वाईट वाटलं. दुपारपर्यंत.

ता. क. दुसरं. नाच चौदा तारखेला आहे. तुझं नाव छापून लागलंय, धक्क्यावर, स्टेशनवर, मासळीबाजारात: ‘खऱ्या डाववाल्या आजी’. नाचाचं मचाण बांधून झालंय. आता नाही म्हणालीस तर सगळ्या गल्लीची मान खाली जाईल. तुझं अंथरूण उन्हात टाकलंय. डाव सापडला, घासून ठेवलाय. आणि घर पाडायचंच असेल तर मासातोशीला नवा कागद आणू दे. शिक्का माझ्या कमरेच्या पिशवीत आहे, तो मी टपालानं पाठवत नसते. स्वतः ये, आपल्या दारात बस, आणि आपल्या हातानं मार. मी शाई धरीन.

(लेखनिकाची नोंद: सत्य सांगणे माझ्या व्रतात येते. दोन्ही कागद मात्सुएबाईंनी माझ्याकडून दोन-दोनदा वाचून घेतले. शिक्का कुठे मारायचा ते माझे बोट धरून विचारले. पाटीला दुसरा कागद लावायला चिमटा त्यांनी माझ्याच फडक्यातून काढला. आपण यावे. पाचवा भाग मी त्यांच्यासोबत नऊ वेळा पाहिला आहे. डाववाल्या आजी आल्या की मात्सुएबाई हसत नाहीत, टीव्हीजवळ सरकून बसतात. – झेनकाई)

ता. क. शेवटचं. गुरुजी आत्ता मी न सांगताच बराच वेळ काहीतरी लिहीत होते. मी विचारलं, काय लिहिलंत? म्हणाले, हवामानाबद्दल. आणि मग असे शिंकले की तोराकिचीचा फोटो पुन्हा पडला.