टेकडीवरून आणलेली वायर

४ मार्च
आज कुंभारीच्या दगडखाणीवर रुजू झाले! करकंबहून आणलेली ट्रंक शुक्रवार पेठेतल्या खोलीवर टाकली आणि नऊच्या आत शेअर रिक्षानं कामावर हजर. आयटीआय केल्याचं सार्थक झालं म्हणायचं. काम वायरलेसचं. रोज दुपारी एकला दगड फोडायला सुरुंगाचे बार उडतात. त्याआधी तिन्ही बाजूंचे राखणदार वॉकीटॉकीवरून कळवतात की खाली खाणीत कुणी नाही. मग मी माइकवर "मोकळं हाय" म्हणायचं, की बारवाले चनबसप्पा अण्णा बटण दाबतात. माझ्या शब्दाशिवाय बार उडत नाही! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग घसा सांभाळ बाई.

५ मार्च
वायरलेसचा सेट टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत आहे, कारण अँटेना उंचावर लागते. पण तिथं बसणं म्हणजे भट्टीत बसणं. आमचे साहेब उदयसिंह म्हणाले, सेट राहू दे वर, माइक तेवढा खाली ऑफिसात आणता येईल का? न यायला काय झालं. माइकच्या वायरीत आठ तारा, कॉम्प्युटरच्या नेटवर्क केबलमध्येही आठच. साठ मीटर मागवली.

७ मार्च
दिवसभर केबल ओढली. उतारावरच्या खांबांना पट्ट्या आयत्याच ठोकलेल्या होत्या. आधीही कुणीतरी इथूनच वायर नेलेली दिसते. पहिल्यांदा नुसतीच घूं घूं. आवाजाची तार आणि माइकच्या बटणाची तार एकाच पिळात आली होती. वेगळ्या केल्या तशी घरघर थांबली. अण्णा म्हणाले, "अक्का, लई साफ येतंय की!" पंख्याखाली बसून पहिला बार उडवला. ऐकायला टेबलावर एक वॉकीटॉकी ठेवलीय.

११ मार्च
अण्णांनी विचारलं, हल्ली दोनदा का सांगता? मी एकदाच सांगितलं होतं. ते म्हणाले, पहिलं पाच मिनिटं आधीच आलं; राखणदारांचं काही ऐकू आलं नव्हतं म्हणून थांबलो. खाली तेव्हा चार माणसं होती.
आठही तारा मीटरनं तपासल्या. कुठंच दोष नाही.

१३ मार्च
माइक हुकाला टांगलेला होता. मी दारात हात धूत होते. टेबलावरच्या वॉकीटॉकीतून माझाच आवाज आला, "मोकळं हाय." माझाच हेल. मी दम घेते तिथंच दम घेतलेला.
टेकडीवर पळत गेले. खोलीला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर सेटचा लाल दिवा लागलेला, कुणी बोलत असलं की लागतो तसा. मी पाहत होते तोवर तो लागलेलाच होता. मग विझला.

१४ मार्च
सिद्धम्मा मजुरांचे डबे आणते. आज माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याआधी इथं तिचा मुलगा सिद्धराम होता. त्यानंही माइक असाच खाली आणला होता. एका दुपारी त्याचा आवाज "मोकळं" म्हणाला आणि बार उडाला. खाली त्याचा बाप होता.
"पोरगं शपथा घेत हुतं, म्या बोललोच न्हाय म्हणून. आवाज त्याचाच हुता, म्या सोता ऐकला. म्या बी त्याला खोटंच ठरवलं गं."
त्या दिवसापासून सिद्धराम एक शब्दही बोललेला नाही. ती वायर सिद्धम्मानंच विळ्यानं तोडली होती.

१५ मार्च
सकाळीच केबल कापली. सेटची बॅटरीही काढून आणली, माझ्या टेबलाखाली आहे. साहेब चिडले, मनाचे खेळ म्हणाले.
बाराला दहा कमी असताना वॉकीटॉकीतून पुन्हा मी. "मोकळं हाय."
नोकरी सोडून जावंसं वाटतं. पण मी गेले तरी आवाज इथंच राहील.
अण्णांशी ठरवलं. उद्यापासून आवाजावर नाही. मी स्वतः खाणीच्या कड्यावर येऊन हात वर करेन, तेव्हाच बटण. अण्णांनी बेल-भंडारा उचलून कबूल केलं.

१६ मार्च, एकला दहा कमी
सिद्धम्मा रिकामे डबे आणायला खाली खाणीत उतरलीय. बाकीचे वर आले. ती आली की मी कड्यावर जाणार.
वॉकीटॉकी आज गप्प आहे. सकाळपासून एकदाही नाही. हे बरं की—

एकला पाच कमी
सिद्धम्मा अजून खालीच. इथून तिचं लाल लुगडं दिसतंय. डबे गोळा करतेय.
अण्णा बटणापाशी. कड्याकडे बघताहेत. मी अजून ऑफिसात आहे, मग ते कुणाकडे—

कड्यावर कुणीतरी उभं आहे. पाठमोरं. माझ्यासारखी वेणी. माझी पिवळी ओढणी— ओढणी तर माझ्या गळ्यात आहे. ओरडले. अण्णांनी वळून पाहिलंच नाही. दार उघडत नाही, बाहेरून— ती हात वर