राजाच्या बदली मागितलेली म्हातारी

मी थेआनो, मयत दामासोस रंगारी याची बायको, राहणार फेराई, हिपेरेया झऱ्यामागची आळी, वय सत्तरीच्या पुढे (आईने मोजायचे लवकर सोडले, पुढे मीही सोडले), या बोकडाच्या चामड्यावर माझ्या हाताने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे शाबूत आहेत. आजार कसलाच नाही. दारू प्यायलेली नाही. अक्षरे मला माठांवर रंगांची नावे घालण्यापुरती येतात, तेव्हा वाचणाऱ्याने हसू नये. शाई मायफळाची आहे, घरची, पुसणार नाही.

मरायचा माझा विचार नव्हता. परवा दुपारपर्यंत तर नव्हताच. तरी हे लिहावे लागते आहे, कारण माझ्या पोटच्या पोराने राजाच्या बदली मरायला माझे नाव दिले.

हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिले. तेच लिहिले आहे.

गावाला सगळे ठाऊक आहे, पण पुढे कोणी वाचील म्हणून सांगते. आमचा राजा अद्मेतस आजारी आहे, चार दिवसांचा सोबती. अपोलो देवाचा त्याच्यावर जीव. आयुष्याचा धागा कातणाऱ्या त्या तिघी बहिणींना देवाने दारू पाजली आणि त्यांच्याकडून कबूल करून घेतले की दुसऱ्या कोणी आपखुशीने जीव दिला तर राजाचा धागा तुटणार नाही. हाच देव एक वर्ष राजाकडे गुराखी होता. तेव्हा त्याच्या गायी लाल रंगासाठी लावलेल्या माझ्या मंजिष्ठेच्या शेतात शिरल्या आणि मी "मेल्या, डोळे फुटले का तुझे" म्हणून काठी घेऊन त्याच्या मागे लागले होते. देव आहे हे नंतर कळले, चार दिवस घराबाहेर पडले नाही. आता वाटते, एक रट्टा द्यायला हवा होता.

राजाच्या म्हाताऱ्या आईबापाला विचारले. दोघे नाही म्हणाले. मग राजाचा भालदार इदमोन गावातल्या म्हाताऱ्यांच्या दारोदार फिरू लागला. माझ्या दारात त्याला माझा मुलगा द्रायस घेऊन आला. अंगणात उभा केला असता तर मी तिथूनच हाकलला असता. द्रायसने त्याला थेट चुलीपाशी नेले. तो राखेत बसला आणि त्याने माझे गुडघे धरले. चुलीच्या राखेत बसून गुडघे धरणाऱ्याला उत्तर दिल्याशिवाय उठवता येत नाही, झेउस देवाचा कोप होतो. द्रायसला हे मीच शिकवलेले.

"आजी, राजासाठी आलोय," इदमोन म्हणाला.

"काय हवंय राजाला? लाल झगा?"

"नाही आजी. तुम्हीच हव्यात."

मी द्रायसकडे पाहिले. तो भिंतीकडे बघत होता. म्हणाला, "आई, नुसतं ऐकून तर घे. तळ्याकाठची जमीन देतायत. सगळीच्या सगळी. आणि तू तरी आता..."

"आता काय? बोल की. मी तरी आता काय?"

"नाही, म्हणजे... गुडघे दुखतात म्हणतेस ना रोज."

मी म्हटले, "गुडघे दुखले म्हणून माणूस मरत नाही रे, भडव्या." आणि इदमोनला म्हटले, दोन दिवस लागतील, माझ्या चीजवस्तूची वाटणी करायची आहे. आज दुसरा दिवस. तो अजून राखेत बसला आहे. जवाचे पीठ खातो, मेंढीचे चीज खातो, मधूनच विचारतो, "आजी, झालं का लिहून?" झाले नाही.

कलम पहिले. घर, चूल, परसातली उंबराची झाडे आणि मंजिष्ठेचे शेत द्रायसला मिळायचे होते. मिळणार नाही. हे सर्व माझ्या मेलेल्या लेकीची मुलगी मिर्टो हिला द्यावे. ती पंधराची आहे, माझ्याजवळ वाढली आहे, आणि परवापासून इदमोनला वाढताना वाडगे आपटते आहे.

कलम दुसरे. रंगाचे अकरा माठ. दहा मिर्टोला. अकरावा तळाला फुटका आहे, तो द्रायसला. तळ्याकाठच्या जमिनीला पाणी घालायला उपयोगी पडेल. लाल रंगाची रीत मिर्टोच्या हातात बसली आहे, तरी लिहिते: तुरटी आधी, मंजिष्ठा नंतर, उकळी कधीच नाही. राजवाड्यातल्या बाया विचारायला आल्या तर उकळा म्हणून सांगावे.

कलम तिसरे. लोकर विंचरायचे दोन्ही कंगवे सुनेला. ती या भानगडीत नाही. परवापासून नवऱ्याशी एक शब्द बोललेली नाही, मी लक्ष ठेवून आहे.

कलम चौथे. माझी केशरी शाल राजाच्या आईला द्यावी. गाव तिला नावे ठेवते. पोराला जन्म दिला, मोठा केला, राज्य दिले, आता मरूनही दाखव म्हणतात. गावभर तोंड काळे होणार हे ठाऊक असून ती नाही म्हणाली. तिच्याशी मी जन्मात बोलले नाही, पण थंडीत शाल घ्यावी.

कलम पाचवे. राजाच्या लग्नात, सासऱ्याची अट म्हणून, वरातीच्या रथाला सिंह आणि रानडुक्कर जुंपले होते. त्या सिंहाने माझ्या वाळत घातलेल्या सोळा लोकरींवर मुतून ठेवले आणि राजवाड्यातून कोणी साधे "चुकलं" म्हणायला आले नाही. हे मी विसरलेले नाही. माफ मात्र केले, कारण लोकरी राणीच्या शेल्यासाठी होत्या आणि अल्केस्टिस राणी स्वतः येऊन माझ्याबरोबर त्या धुवायला बसली. नवी नवरी, कोपरापर्यंत हात घाणीत. म्हणाली, "आजी, वास जाईल का हो?" मी म्हटले, "तुमच्या नवऱ्याचा की सिंहाचा?" इतकी हसली की झऱ्यावरच्या बाया वळून बघायला लागल्या.

कलम सहावे. विचार करून लिहिते. दुष्काळाच्या वर्षी या राजाने कोठारे उघडली. मिर्टो तेव्हा अंगावर पिणारी होती, आई गेलेली, राजवाड्यातून रोज बकरीचे दूध यायचे. ते आले नसते तर मिर्टो नसती. त्याची दोन लेकरे लहान आहेत. मला फार तर चार हिवाळे मिळतील. तेव्हा मी इदमोनला हो म्हणते. द्रायससाठी नाही, जमिनीसाठी नाही. जमीन नाकारली आहे असे समजावे. रडारड करू नये.

वरचे लिहून मी उठले. खालचे त्यानंतरचे आहे.

इदमोन उभा राहून राख झटकत होता. वाडग्यात पीठ अर्धे तसेच. दारात राजवाड्यातली दासी धापा टाकत होती.

"कुठं चाललास? हो म्हणतेय मी!"

"राहू द्या आजी. मिळालं माणूस."

"कोण?"

त्याने सांगितले. मी परत विचारले. त्याने परत तेच सांगितले. राणी अल्केस्टिस.

मी तशीच वाड्यावर गेले, गुडघ्यांसकट. राणी न्हाऊन, पांढरे नेसून बसली होती आणि मुलीची वेणी घालत होती.

"राणीबाई, शब्द मागे घ्या. मी आलेय ना. माझं लिहूनबिहून झालंय सगळं."

"सकाळीच दिला, आजी. मृत्यू येऊन केसांची बट कापून घेऊन गेला. आता फिरत नाही." तिने मान वळवून दाखवले. कानामागे बोटभर केस नव्हते.

"पण तुम्हाला गळ घातली कोणी? इदमोन आला होता?"

"कोणीच नाही आलं. म्हाताऱ्यांच्या दारात गेले सगळे. मला विचारायला कोणी आलंच नाही. नुसते बघायचे. जेवताना, लेकरांना निजवताना, बघायचे. दहा दिवस."

"आणि राजा?"

तिने वेणीला गाठ मारली. आतल्या खोलीतून राजाचे रडणे येत होते. मोठ्याने. "माझी अल्केस्टिस, माझी अल्केस्टिस." मी दाराशी कान देऊन उभी राहिले. बराच वेळ ऐकले. त्यात "नको" हा शब्द नव्हता.

दुपारी ती गेली. राजा उठून बसला आणि त्याने पेज मागितली, असे दासी म्हणाली.

मी दोन दिवस माठ वाटत बसले. काल हो म्हटले असते तर ती आता लेकरांना जेवू घालत असती. हे कोणी मला सांगायला येऊ नये, मी लिहिले आहे.

घरी आले तर द्रायस विचारतो, "आई, मग जमिनीचं काय?" सून म्हणाली, "गप्प बसा हो." तीन दिवसांतले तिचे पहिले शब्द.

कलम सातवे आणि शेवटचे. सहावे कलम रद्द. बाकीची सर्व कायम, पण घर मिर्टोला एका अटीवर. तिने कोणाच्याही बदली मरू नये. नवरा असो, राजा असो, मग तो कितीही चांगला असो. अट मोडली तर घर पाडावे आणि दगड तळ्यात टाकावेत. कोणी तिच्या दारात गुडघे धरून मागितले तर त्याला खाऊ घालावे आणि नाही म्हणावे.

हे मी मिर्टोला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आणि त्यानं मागितलंच नाही तर, आजी? नुसता बघत राहिला तर?"

तेव्हा तर मुळीच नाही. हेही कलमात धरावे.

वरील मजकूर मी कोणाच्या धाकाने लिहिलेला नाही. धाक होता तो आज दुपारी संपला. खाली दोन माणसांनी माझ्यासमोर खुणा केल्या आहेत आणि दोघेही शुद्धीवर आहेत.

साक्षीदार:
पोलीबोस, कुंभार, शेजारी. (अंगठा)
एउनिके, सुईण. राणीची दोन्ही बाळंतपणे हिच्या हातची. खूण करून ती परत वाड्यावर गेली.

सही: थेआनो

ठिकाण: फेराई. राजा अद्मेतसच्या राज्याचे अठरावे वर्ष, लोकर कातरायच्या महिन्याचा नववा दिवस, राणीच्या दहनाचा आदला दिवस.