बाबांच्या शाम्पूतलं डांबर

अहो,

बाबांच्या डोक्याला खवले धरलेत म्हणून डॉक्टरांनी दिलेला शाम्पू उघडला, तर छतांवर डांबर ओतून आल्यावर तुमच्या कामाच्या कपड्यांना येतो, तोच वास. बाटलीवरही कोळशाचं डांबर लिहिलंय. मी चक्रावले. औषधवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "लोखंडाच्या भट्टीसाठी कोळसा तापवून त्याचा कोक करताना निघतं तेच हे, वहिनी. शाम्पूत थोडं असतं, त्याने खाज थांबते. पण छतावर दिवसभर गरम डांबराच्या वाफेत राहिलं की कातडीला बाधतं." आता याला औषध म्हणू की विष, मला कळेना. बाबांचं डोकं धुतलंय, ते झोपलेत.

तुमच्या मनगटावरचा डाग डांबराचाच म्हणता, पण तो रॉकेलनेही निघत नाही आणि आता बोटाला टणक लागतो. दवाखान्यात तुमच्या नावाने नंबर लावून बसलेय. उद्या बघू म्हणू नका, या.