मानवजात आणि संडासातलं कॅलेंडर

ती. इमकेताईस,

धाकटा भाऊ हार्मेन याचा वाकून नमस्कार. (आशीर्वाद पडल्या पडल्याच दे. उठू नकोस, खुबा नवा आहे.)

काठी घेऊन तू व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातेस असं कळलं, आणि शेजारच्या पलंगावरची बाई घोरते असंही कळलं. तिकडचे बटाटे अजून पाणचटच असतात का? इकडे वारा आहे. तुझ्या कुंड्यांना मी दिवसाआड पाणी घालतो. एक जिरेनियम गेलं, पण ते मी यायच्या आधीच जायला निघालेलं होतं.

आता मुद्द्याचं आधीच लिहितो, कारण रविवारपासून तुला अभिनंदनाचे निदान अकरा फोन आले असतील. ताई, तू आजी होणार नाहीयेस. तुझ्या लेकीला दिवस गेलेले नाहीत. ती बातमी मी उठवली, संडासात बसून, पेन्सिलीने. लोकरीचं काही विणायला घेतलं असशील तर सुया खाली ठेव. हिस्के तुझा फोन उचलत नाही म्हणून तू कासावीस झाली असशील. ती तुझ्यावर रागावलेली नाही. कारण काय ते मी लिहिणार आहे, पण मला जरा लांबून यावं लागेल. मेली लाजच इतकी वाटते आहे की सरळ वाटेने येववत नाही.

माझं 'शांत समाप्ती मंडळ' तुला ठाऊकच आहे (तूच त्याला निर्वंश मंडळ म्हणतेस). जन्माला येणाऱ्याला कुणी विचारत नाही, पृथ्वीला आपला भार झालेला आहे, तेव्हा माणसाने आता मुलं होऊ देणं थांबवावं आणि सभ्यपणे दिवे मालवून निघून जावं, एवढंच आमचं म्हणणं. आम्ही चौघं होतो. खजिनदाराला जुळं झालं. चिटणीसबाईंना नात झाली, त्या गेल्या आणि जाताना मंडळाची कॉफीची किटली घेऊन गेल्या. उरलो मी आणि आपले म्हातारे औषधवाले, त्यांना ऐकू येत नाही. हिस्केचा सासरा बाउके तर मला मेंढ्यांच्या बाजारात सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे हार्मेन, चाळीस वर्षं समुद्रबांधावरचे पंप चालवून आम्हाला समुद्रात बुडू दिलं नाहीस, आणि आता म्हणतोस संपा! मग मेल्या, एक दिवस सुट्टी घ्यायची होतीस, फुकटात काम झालं असतं." लोक पोट धरून हसले. मी पुस्तिका वाटत राहिलो. बावीस वर्षं बोललो, कुणी ऐकलं नाही, आणि आत्ता कळतंय की कुणी ऐकणार नाही याच भरवशावर मी बोलत होतो. (नवीन वर्षाला हिस्के आणि तुझा जावई वित्से यांनासुद्धा एक पुस्तिका दिली होती, वर सही करून. तेव्हा तू मला टेबलाखालून लाथ मारलीस. खुबा तेव्हा चांगला होता.)

तर रविवारी हिस्केचा पस्तिसावा वाढदिवस. नेहमीप्रमाणे खुर्च्या गोल मांडलेल्या, आल्या आल्या सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन करून झालेलं: भाचीचं अभिनंदन, सुनेचं अभिनंदन, नुसत्या शेजारणीचंही अभिनंदन. मग एक तुकडा केक, एक कप कॉफी, चीजच्या फोडी आणि रेन्स्केमावशीच्या गुडघ्यांची हकिगत. हकिगत दुसऱ्या गुडघ्यावर गेली तसा मी उठलो आणि संडासात गेलो.

आपल्या घराण्यात संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरावर आपलं नाव आहे की नाही हे चोरून पाहिल्याशिवाय कुणी बाहेर आलंय का? मीही ऑक्टोबरचं पान उलटलं. सोळा तारखेला 'हार्मेनमामा', शाईने. बरं वाटलं. आणि दोन ओळी वर, चौदाला, पेन्सिलीने लिहून खोडलेलं काही. खोडलं तरी कागदावर वळ राहतो. मी चष्मा पुसून पाहिलं. 'आमचं बाळ?'

ताई, मला नवीन वर्षाची ती सही केलेली पुस्तिका आठवली. वाटलं, हा माझ्याच पुस्तिकेचा प्रताप. पोरांना मूल हवं होतं, तारीख मनात धरली होती, आणि माझं छापील ज्ञान वाचून त्यांनी ते खोडलं. बावीस वर्षांत पहिला माणूस पटवला, तो तुझी लेक! जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. मी मात्र तिथे झाकणावर बसून रडलो. मग भिंतीवर दोरीला बांधलेली पेन्सिल घेतली आणि त्या वळावरून एक एक अक्षर गिरवलं. पुस्तिका मागे घेतली असं तोंडाने म्हणायची माझी छाती होत नव्हती. हिस्केला एकटीला कधीतरी दिसेल, तिला कळेल, असा विचार. प्रश्नचिन्ह तेवढं गाळलं. (मामाकडून शंका कशाला!) आणि पान ऑक्टोबरवर तसंच उघडं ठेवून बाहेर आलो, एप्रिलात.

माझ्यामागून रेन्स्केमावशी गेली. तिला समोरचा केक दिसत नाही, पण कॅलेंडर दिसलं. बाहेर आली ती दोन्ही हात पसरून. "अगं बयो! आणि आम्हाला केक खायला घालून गप्प बसवतेस? बडीशेपेच्या गोळ्या लावून टोस्ट कुठेत बारशाचे?" आणि हिस्के स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन येतेय तोच तिच्या गालांवर तीन मुके. मग काय, खुर्च्या गोलच होत्या! सगळे उठले, पुन्हा सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. बाउके माझा हात पिळत म्हणाला, "अभिनंदन, आजोबामामा! तुझं मंडळ बुडालं!" आणि मी, ताई, मी "आभारी आहे" म्हणालो.

हिस्के पांढरीफटक पडली. तिने ट्रे ठेवला, संडासात जाऊन आली, म्हणाली, "कॉफी गार होतेय," आणि सगळ्यांना कॉफी दिली. वित्से खिडकीतून बाहेर बघत राहिला. मग तिने मला मागच्या सायकलींच्या खोलीत बोलावलं. तिथे काय झालं ते असो. परतताना मी सायकलसकट ओढ्यात पडलो. कुणी ढकललं नाही.

बाकी क्षेम. जेवत जा.

तुझा,
हार्मेन

ता. क. तुझा केकचा डबा माझ्याकडे आहे. उरलेल्या तीनशे चाळीस पुस्तिका बाउकेला दिल्या, मेंढ्यांच्या गोठ्यातली शेगडी पेटवायला. तो म्हणाला, "चला, कुणाला तरी ऊब मिळाली."

ता. क. २. 'असो' म्हणून सुटता येत नाही, कारण मुळात हे पत्र त्यासाठीच आहे. तिने विचारलं, "कुणी लिहिलं?" मी म्हणालो, "मी. माझ्या पुस्तिकेमुळे तुम्ही बेत रद्द केलात ना, म्हणून." ती म्हणाली, "मामा, तुझी पुस्तिका आम्ही उघडलीसुद्धा नाही. बाळ राहिलं होतं. दहाव्या आठवड्यात गेलं. मार्चमध्ये, आईच्या ऑपरेशनच्या आठवड्यात. म्हणून आईला सांगितलं नाही."

मी विचारलं, "आणि मला?"

"तू म्हणाला असतास, बरं झालं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, ताई. पण पुस्तिकेच्या चौथ्या पानावर ते छापलेलंच आहे, याच शब्दांत.  मग ती म्हणाली, "आईला आता तूच कळव. मला फोनवर जमत नाही, तिचा आवाज ऐकला की रडू येतं. तुला लिहायची सवय आहे." एवढीच शिक्षा दिली. तेव्हा विनंती अशी: तिला फोन कर. तुझं नाव दिसलं की आता ती उचलेल, तसं मी तिला सांगून ठेवतो. काही विचारू नकोस, खुब्याबद्दल बोल. रडली तर रडू दे.

ता. क. ३. मी तिच्याकडे खोडरबर मागितलं. ती म्हणाली, "राहू दे आता." मग परत जायच्या आधी मी पुन्हा एकदा संडासात जाऊन कॅलेंडर पाहिलं (माझी सवय तुला माहीत आहे). अक्षरं माझीच होती. पुढचं प्रश्नचिन्ह मात्र तिने स्वतःच्या हाताने परत घातलेलं होतं.

सुया खाली ठेव म्हणालो ना, पण हाताशी असू देत.